मधले दात

माझ्या बायकोची शाळा कागलच्या पुढे आहे. कोल्हापुरातून निघालं की पुणे-बंगळूर महामार्गाला लागायचं, कागलपर्यंत नाकासमोर जायचं, आणि शेवटचा थोडा तुकडा ऊसवाल्या ट्रॅक्टरांनी खणून ठेवलेल्या गावरस्त्याचा. वर्षानुवर्षं रस्ता हाच आणि गाडीही हीच, २००३ सालची मारुती ८००. "सरळ रस्त्यावरसुद्धा हिला सारखं आवरावं लागतंय," असं ती म्हणायला लागली तेव्हा मी आधी चाकांतली हवा बघितली. ती बरोबर होती. मग दोन्ही टाय रॉड एंड बदलून घेतले. थोडे दिवस बरे गेले आणि गाडी पुन्हा डोलायला लागली. शिवाय गावरस्त्यावर उजव्या पायाच्या पुढून कुठूनतरी टकटक सुरू झाली.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी गाडी वर घेतली, स्टिअरिंगच्या रॅकखालचा स्क्रू आवळला आणि स्टिअरिंग हलवून दाखवलं. प्ले, म्हणजे चाकं न वळता होणारी स्टिअरिंगची मोकळी हालचाल, गेला होता, यात शंका नाही. पण दसरा चौकात वळण घेतल्यावर स्टिअरिंग वळलेल्या जागीच बसून राहिलं. एरवी वळण संपलं, हात सैल सोडला की चाकं आपोआप सरळ होतात. पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष वरून किंचित मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात, त्याचं हे काम. आमच्या गाडीत कॅस्टर शाबूत होता, पण आवळलेला रॅक त्याला हलू देत नव्हता. बायको म्हणाली, "आधीचंच बरं होतं. तेव्हा नुसतं आवरावं लागायचं, आता वळवूनही आणावं लागतंय." तिचं बरोबर होतं. डोलणाऱ्या गाडीपेक्षा सरळ न होणारी गाडी जास्त धोक्याची. त्याच संध्याकाळी मी तो स्क्रू पुन्हा सैल केला.

हे असं का झालं ते मला समजायला वेळ लागला नाही, कारण माझी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. जुन्या लेथचा लीड स्क्रू बघा. आमच्याकडची बहुतेक कामं आखूड, चकाजवळची. त्यामुळे लेथचा बेड आणि स्क्रू हेडस्टॉककडच्या बाजूला झिजतात आणि टेलस्टॉककडे जवळजवळ कोरे राहतात. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचंही तसंच. झिजलेल्या जागी बॅकलॅश, म्हणजे तिथला प्ले, जावा म्हणून नट आवळला की स्लाइड तिथे झकास चालते, आणि न झिजलेल्या आट्यांवर पोचली की अडकते. नवा पोरगा मग हँडलला जोर लावतो. जुना माणूस नट सैल करतो आणि बॅकलॅश ध्यानात ठेवून काम करतो, किंवा मालकाच्या मागे लागून स्क्रू बदलून घेतो. तिसरा मार्ग नाही.

रॅकमध्ये हीच गोष्ट. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका आडव्या दातेरी दांड्यावर फिरतं, तो रॅक. स्टिअरिंग फिरलं की दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकांना वळवतात. पिनियनच्या समोरच्या बाजूने स्प्रिंग लावलेला एक प्लंजर रॅकला पिनियनवर दाबून धरतो. गॅरेजवाल्याने आवळला तो या स्प्रिंगचा स्क्रू. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे पुष्कळ दात असतात, पण गाडी चालते बहुतेक सरळ, आणि सरळ म्हणजे रॅकच्या मधले मोजके दात. खड्ड्यांचे धक्केही चाकांतून त्यांच्यावरच येतात. टोकाचे दात फक्त गाडी लावताना, काढताना कामाला येतात. म्हणजे कागलच्या रस्त्याने हा रॅक बरोबर मधोमध खाल्ला होता. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला तर बाजूच्या धडधाकट दातांवर पिनियन जाम होणार. स्क्रू आवळून सुटणारा प्ले वेगळा. प्लंजर किंवा स्प्रिंग बसली असेल, झीज सगळीकडे सारखी असेल, तर तो उपाय जरूर करावा, आणि थोडा थोडा. इथे तो लागू नव्हता.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका राहतात. त्यांनी गाडी फिरवून आणली आणि म्हणाले, "एवढा प्ले तर आमच्या गाडीला रोजचाच होता." खरं आहे, पण मोठ्या बसची स्टिअरिंगची पेटी निराळी. आपल्याकडच्या जुन्या मोटारींतही दोन घराणी होती. प्रीमियर पद्मिनीला वर्मची पेटी, तिच्यापुढे दांड्या आणि जोडांची रांग, प्रत्येक जोडाचा थोडाथोडा प्ले हातात येऊन जमा व्हायचा. अँबॅसिडर दिसायला बोजड, पण तिला मुळात रॅक-पिनियन होतं. ती ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली त्या घराण्यानेच १९४८च्या मॉरिस मायनरला ते दिलं होतं. मारुती ८००लाही रॅकच, आणि वर कसलीही पॉवर नाही. त्यामुळे रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळतो. अँबॅसिडर आणि ८०० या दोघींचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं. पद्मिनी तर त्याच्या बरीच आधी गेली होती. तरी ८००चे पार्ट अजून मिळतात, आणि तालुक्याच्या गावातही मिळतात. म्हणून "विकून टाका की आता" म्हणणाऱ्यांना मी फार उत्तर देत बसत नाही. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पाच पाच वर्षांनी नवी करावी लागते. २०२२च्या एप्रिलपासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली. तीही भरली आहे, म्हटल्यावर रॅकवाचून काय अडणार?

तरी पार्ट आणण्याआधी दोष रॅकमध्येच आहे याची खात्री करणं भाग होतं. स्टिअरिंगचा प्ले सात-आठ ठिकाणांहून येऊ शकतो आणि रॅक हे त्यातलं सगळ्यात कष्टाचं ठिकाण. या तपासणीला दोन माणसं लागतात. बायको सीटवर बसली, गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. तिने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं, चाक फिरेल इतकं नाही, नुसता प्ले जाईल इतकं. मी टॉर्च घेऊन खाली. आधी पेडलजवळच्या जोडावर बोट ठेवलं. वरचा आणि खालचा तुकडा एकदम हलला म्हणजे तो जोड ठीक. मग टाय रॉड एंड. ते नवेच होते. मग रॅकच्या टोकांवरचे रबरी बूट मुठीत धरले, आतला गोळा सैल असेल तर रबरातूनही ठोका लागतो. लागला नाही. मग रॅक बॉडीला धरून ठेवणारे दोन क्लॅम्प आणि त्यांच्याखालचे रबरी बुश. इथे पुष्कळ लोक फसतात, कारण बुश झिजले तर अख्खा रॅकच डावी-उजवीकडे सरकतो आणि नवीन रॅक घालूनही प्ले तसाच राहतो. आमचा रॅक जागचा हलत नव्हता. शेवटी पिनियनच्या घरावर एक हात आणि टाय रॉडवर एक. दांडा फिरत होता, रॅक थांबलेला होता, आणि मग टक करून निघत होता.

"सापडलं का हो?" वरून आवाज आला.

"सापडलं. आता चाकं पूर्ण वळव आणि तिथे तसंच हलव."

टोकाला प्ले जवळजवळ नव्हता. मधे ठणठणीत होता. स्टिअरिंगच्या कडेला मोजला तर साधारण तीस मिलिमीटरच्या आत चालतो असं धरतात. आमचा त्याच्या बराच बाहेर गेला होता.

रॅक खरेदी हा वेगळा विषय आहे. दुकानात तीन प्रकारचा माल समोर येतो. कंपनीच्या खोक्यातला, कंपनीलाच माल पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि 'रिपेअर केलेला'. तिसरा निम्म्याहून कमी पैशांत मिळतो आणि दिसतो सगळ्यात देखणा, काळाभोर रंग, नवे बूट, चकचकीत क्लिपा. दुकानदार म्हणाला, "मामा, घेऊन जावा, नव्यासारखा हाय." मी बुटाची क्लिप काढायला सांगितली, दांडा एका टोकापर्यंत सरकवला आणि मधले दात उजेडाकडे धरले. दातांच्या बाजूंना पॉलिश केल्यासारखी चमक होती आणि टोकाचे दात करडे, मूळ रंगाचे. नवे बूट आणि नवं ग्रीस घालून दात परत येत नाहीत. दुसऱ्या प्रकारचा, पुरवठादाराच्या खोक्यातला घेतला. घेतानाच पिनियनची दांडी हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितली. सगळीकडे सारखा जड लागला पाहिजे, ना मधे हलका ना कडेला घट्ट. तिथेच नवे क्लॅम्पचे बुश आणि स्प्लिट पिना घेतल्या. त्यांची किंमत चहापाण्याइतकी असते आणि नेमक्या त्याच विसरायला होतात.

काम सुरू केलं ते आदल्या रात्री. प्रत्येक नटबोल्टाला तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवायचं तेल मारलं आणि झोपलो. गॅरेजपेक्षा घरी काम करण्याचा फायदा विचाराल तर मला हा एकच ठळक दिसतो. गॅरेजवाल्याला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते. तेलाला रात्रभर मुरू द्यायला त्याला परवडत नाही, म्हणून तो गॅस कटर पेटवतो किंवा पाना पाइप घालून लांब करतो. तो वाईट मेकॅनिक नसतो, त्याच्याकडे रात्र नसते. बाकी सगळे फायदे त्याच्याकडे. त्याच्याकडे रॅम्प, हवेची गन, आणि रोज तीच गाडी उघडणारे हात. माझ्याकडे फरशी, गाडी टेकवायच्या दोन लोखंडी घोड्या आणि अंगाखाली एक जुनं पोतं.

घोड्यांबद्दल मात्र घासाघीस नाही. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वीट आधी काही सांगत नाही, एकदम फुटते. घोड्यांवर गाडी बसवली, काढलेली चाकं दाराखाली आडवी सरकवली, मागच्या चाकांना ओंडके लावले, गाडी दोन्ही हातांनी जोराने ढकलून बघितली, आणि मगच डोकं खाली घातलं.

टाय रॉड एंड सोडवणं हे सगळ्यांना नाठाळ काम वाटतं. त्याची खुंटी निमुळती असते आणि स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात घट्ट रुतलेली असते. नट काढला तरी ती निघत नाही. लोक मग खालून आट्यांवर हातोडा घालतात, आटे दबतात, आणि चांगला पार्ट भंगारात जातो. लेथवाल्याला ही जोडणी ओळखीची आहे, टेलस्टॉकमधली ड्रिलची स्लीव्ह अशीच टेपरवर बसते. टेपर ओढून सुटत नाही, धक्क्याने सुटतो. नट पूर्ण काढायचा नाही, टोकाला राहू द्यायचा, म्हणजे सुटल्यावर दांडा अंगावर येत नाही आणि आटेही वाचतात. मग ज्या डोळ्यात खुंटी बसली आहे त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्याने ठोका द्यायचा. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि खुंटी टकन खाली येते. उजवी बाजू लगेच सुटली. डावीला घाम काढला.

त्याआधी एक माप घेतलं होतं. टाय रॉड एंडचा लॉकनट कुठे आहे, तिथून रॅकच्या बुटाच्या खोबणीपर्यंत किती अंतर आहे, दोन्ही बाजूंचं, व्हर्नियरने. नव्या रॅकवर ते एंड त्याच अंतरावर चढवले की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते. काही जण आटे मोजतात. मला अंतर मोजणं जास्त भरवशाचं वाटतं, कारण नव्या पार्टवर आटा कुठून सुरू होतो ते सारखंच असेल असं नाही.

स्टिअरिंगच्या दांड्याचा आतला जोड पायाशी, पेडलच्या मागे. तिथला पिंच बोल्ट ढिला करून नुसतं भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो पिनियनच्या दांडीवर कोरलेल्या खाचेतून आडवा जातो. ही खाच मला फार आवडली. बोल्ट उद्या सैल झाला तरी जोड दांडीवरून वर सरकू शकत नाही, इतकी साधी सोय. उलट जोड पूर्ण खाली बसला नसेल तर बोल्ट आत जातच नाही. म्हणून बसवताना बोल्ट हाताने आरपार गेला नाही तर हातोडा उचलायचा नाही, जोड पुन्हा बसवायचा. स्टिअरिंग फिरू नये म्हणून ते आधी सीटबेल्टने बांधून ठेवलं होतं. आमच्या गाडीला एअरबॅग नाही, पण ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे बांधणं हौसेचं नाही. जोड सुटलेला असताना स्टिअरिंग गरगर फिरलं तर आतली एअरबॅगची वायरची पट्टी तुटते.

क्लॅम्पचे बोल्ट निघाले. रॅक फायरवॉलजवळ, इंजिनाच्या मागे, सगळ्यात गैरसोयीच्या जागी असतो. तो थोडा फिरवून, थोडा तिरका करून, चाकाच्या बाजूने बाहेर काढला. यात वर्णन करण्यासारखं काही नाही. कोपरं सोलवटली, एवढंच.

बाहेर आलेला रॅक मी लगेच टाकला नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन व्हाइसमध्ये धरला, मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावलं आणि पिनियन दाबून धरून दांडा मागेपुढे हलवला. टोकाला काटा जेमतेम थरथरला. मधे तो इतका फिरला की आमच्याकडे शिकायला आलेल्या आयटीआयच्या पोरांनी गेजच सैल आहे म्हणून पुन्हा आवळलं. मग मी त्यांना तो स्क्रू हळूहळू आवळायला लावला आणि प्रत्येक वेळी पिनियन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. मधला काटा शांत होईपर्यंत कडेला पिनियन हाताने हलेना. एकाने विचारलं, "सर, मग मधलेच दात बदलता येत नाहीत का?" प्रश्न चांगला होता. दांडा एकच आहे, दात त्याच्यातच कापलेले आणि वरून कडक केलेले. नाही येत.

बसवताना महत्त्वाचं काम एकच, मध्य. नवा रॅक हातात असताना पिनियन एका टोकापर्यंत फिरवायचा, मग दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत न्यायचा, आणि बरोबर निम्मे परत. त्याच वेळी केबिनमधलं स्टिअरिंग सरळ असलं पाहिजे. जोड एक दात जरी चुकला तरी गाडी सरळ जाते, स्टिअरिंग मात्र कायम तिरकं दिसतं, आणि मग लोक टाय रॉड फिरवून ते सरळ करतात. तसं केलं की रॅकचा मध्य एका बाजूला जातो आणि गाडी एका बाजूला जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. क्लॅम्पचे नवे बुश घातले, बोल्ट सगळे हाताने चढवले आणि मगच आवळले. टॉर्क पाना मित्राकडून आणला होता. टाय रॉड एंडचा नट आवळल्यावर स्प्लिट पिनेचं भोक आणि नटाची खाच जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही.

मग सुतळी. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत हबच्या उंचीला दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली आणि पुढच्या चाकांची पुढची आणि मागची कड तिच्यापासून किती लांब आहे ते बघितलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते, तो फरक वजा करावा लागतो. सुतळीने अलाइनमेंट होते असं मी म्हणणार नाही. सुतळीने एवढं कळतं की गाडी टायर न घासता दुकानापर्यंत जाईल. दुकानात कॉम्प्युटरवर लावली तेव्हा तिथल्या पोराने दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवले. एकाच बाजूचा फिरवून मोकळा होणारा असता तर मी गाडी खाली उतरवायला लावली असती.

घरी हे काम करावं का, असं शेजारचे काका विचारत होते. ज्याला टेपर आणि टॉर्क म्हणजे काय ते माहीत आहे, ज्याच्याकडे घोड्या आहेत, आणि ज्याला काम अर्धवट राहिलं तर दुसऱ्या दिवशी बसने जायची तयारी आहे, त्याने करावं. फॅन बेल्ट तुटला तर गाडी थांबते. स्टिअरिंग सुटलं तर थांबत नाही.

बायकोने सोमवारी गाडी नेली. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "हायवेला हात दुखला नाही." मग जरा थांबून, "पण गावरस्त्याला आवाज अजून येतोय. आधीचा नाही, वेगळा. जाड."

रविवारी गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली. पिना, नट, पिंच बोल्ट सगळं जागच्या जागी होतं, बुटांत ग्रीस कुठे गळलेलं नव्हतं. डावीकडच्या खालच्या आर्मला टॉमी घालून दाबला तर आतल्या रबराला चीर पडून आर्म पुढेमागे होत होता. रॅकच्या टकटकीखाली हा आवाज इतके दिवस ऐकूच येत नव्हता. उजवा अजून बरा आहे, पण एकटा डावा बदलला तर गाडी एका बाजूला ओढेल, म्हणून दोन्ही सांगितले आहेत. दुकानदार म्हणाला, गुरुवारी येतील.